गाडीवरचा स्टिकर कसा काढावा?



मोटारसायकल आता खेड्यात नवलाची राहिलेली नाही. तिच्यावरून दुधाच्या किटल्या जातात, भाजीची पोती जातात, म्हातारी माणसे दवाखान्यात जातात. बैलासारखीच ती घरची कामकरी झाली आहे. बैलाची निगा आपण राखतो, तशी गाडीचीही राखायला हवी.

पुष्कळ लोक गाडी जुनी घेतात. तिच्या टाकीवर आधीच्या मालकाच्या मुलाचे नाव असते. कुठे दुकानाची जाहिरात असते, कुठे वाघाचे तोंड असते. दोन-तीन उन्हाळे गेले की स्टिकर तडकतो. त्याच्या कडा उलतात आणि कडेखाली धूळ साठते. मग मालकाला वाटते, हे काढून टाकावे.

इथेच घोटाळा होतो. हाताला लागेल ते घेऊन मंडळी खरवडायला बसतात. कुणी ब्लेड घेतो, कुणी पेट्रोलचे फडके घेतो. कुणी तर काडी ओढून स्टिकर शेकतो! स्टिकर निघतो, पण बरोबर रंगही निघतो. टाकी पत्र्याची असते. रंग गेला की तिला गंज धरतो. आणि पेट्रोलपाशी काडी ओढली तर गाडी जाईल, माणूसही जाईल.

म्हणून आज आपण हे साधेच काम नीट शिकू. सगळ्या धड्याचे सार एका वाक्यात आहे. ज्याने डिंक विरघळतो, त्याने रंगही विरघळू शकतो. तेव्हा आधी सौम्य उपाय करावा, कडक उपाय शेवटी.

१. आधी स्टिकर ओळखा

सगळे स्टिकर एका जातीचे नसतात.

पहिली जात कागदाची. दुकानदाराचे लेबल, किमतीची चिठ्ठी या जातीची.

दुसरी जात प्लॅस्टिकच्या पातळ कापडासारखी. त्या प्लॅस्टिकला व्हिनाइल म्हणतात. आपण त्याला सरसकट 'रेडियम' म्हणतो आणि तो कापून देणाऱ्याला रेडियमवाला म्हणतो. रेडियम हा खरे तर एक धातू आहे. त्याचा शोध १८९८ साली लागला. पण आपल्या गाडीवरच्या स्टिकरात तो धातू नसतो. फक्त नाव तेवढे राहिले आहे.

तिसरी जात जाड, उठावाच्या अक्षरांची. ही अक्षरे प्लॅस्टिकची असतात आणि मागे डबल टेप लावून बसवलेली असतात.

चौथी जात मात्र नीट ओळखायला हवी. कारखान्यात पुष्कळदा आधी स्टिकर लावतात आणि त्यावरून पारदर्शक लॅकरचा हात देतात. असा स्टिकर लॅकरच्या पोटात असतो. तो सोलून निघत नाही. त्याच्या नादी लागू नये.

हे ओळखावे कसे? डोळे मिटा आणि स्टिकरच्या कडेवरून नख फिरवा. नख अडले तर स्टिकर वर आहे. नख कुठेच अडले नाही, काचेसारखे सरकत गेले, तर स्टिकर लॅकरखाली आहे. तिथे हात थांबवा.

२. मग खालची वस्तू ओळखा

स्टिकर कशावर चिकटला आहे, हेही पाहायला हवे.

टाकी बहुतेक गाड्यांची लोखंडी पत्र्याची असते. कारखान्यात तिच्यावर रंग देऊन तो भट्टीत तापवून पक्का करतात. हा रंग टणक असतो. पण टाकी गावात किंवा तालुक्याला पुन्हा रंगवलेली असेल, तर तो रंग बहुधा वाऱ्यावर वाळलेला असतो. भाजलेले मडके आणि कच्चे मडके यांत जेवढा फरक, तेवढाच या दोन रंगांत समजा. कच्चे मडके पाण्याने विरते. तसा हा दुसरा रंग थिनरने विरतो. कधी कधी तो स्टिकरबरोबर पापुद्र्यासारखा उचलूनही येतो.

टाकी पुन्हा रंगवली आहे का, हे कसे कळेल? रबरावर, नटबोल्टवर, कडेकोपऱ्यात रंगाचे शिंतोडे दिसतात का ते बघा. दिसले तर टाकी रंगवलेली आहे असे समजा.

बाजूची पॅनेल प्लॅस्टिकची असतात. पॅनेल काढून आतल्या बाजूला पाहा. तिथे पुष्कळदा बारीक इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. ए-बी-एस, पी-पी किंवा पी-सी अशी ती अक्षरे असतात. वाचता येत नसतील तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. ही प्लॅस्टिकची जात आहे.

ए-बी-एस प्लॅस्टिक चकचकीत आणि टणक असते. पण नखांचा रंग काढायचे ॲसिटोन लागले की ते विरघळू लागते. थिनरनेही ते चिकट होते.

पी-पी प्लॅस्टिक लवचीक असते. ते बऱ्याच गोष्टी सोसते.

पी-सी प्लॅस्टिक काचेसारखे पारदर्शक असते. नव्या गाड्यांच्या हेडलाइटची 'काच' पुष्कळदा याचीच असते. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांनी ती धुरकट होते किंवा तिला बारीक चिरा जातात. मग रात्री उजेड नीट पडत नाही. रात्रीच्या रस्त्यावर हा जिवाशी खेळ आहे. म्हणून हेडलाइट, मागचा दिवा आणि मीटरवरची काच यांना कोमट साबणाचे पाणी आणि बोट, एवढेच लावावे.

३. काढायची रीत

डिंक थंड असला की ताठ असतो. गरम झाला की मऊ होतो. गूळ थंडीत फुटत नाही आणि उन्हात हाताला चिकटतो, तसेच हे आहे. म्हणून स्टिकर काढण्याचे पहिले औषध ऊब.

आता काम सांगतो.

गाडी मोकळ्या अंगणात, चुलीपासून दूर उभी करा. इंजिन पुरते गार होऊ द्या. टाकीचे झाकण घट्ट लावा. जवळ कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, ते पाहा.

गाडी आधी पाण्याने धुवा. अंगावर माती राहिली आणि तुम्ही घासत बसलात, तर ती माती काचकागदाचे काम करील.

मग गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा. दुपारचे कडक ऊन नको, सकाळचे चालेल. त्यानंतर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात जाड फडके बुडवा, पिळा आणि स्टिकरवर घाला. फडके निवले की पुन्हा बुडवा. पाच-सात मिनिटे असे शेका.

शहरात केस वाळवायच्या यंत्राने ऊब देतात. ते यंत्र सुट्या काढलेल्या पॅनेलवर, जरा लांब धरून चालते. पण त्याच्या पोटात तापलेली तार असते. पेट्रोलने भरलेल्या टाकीजवळ ते आणू नये. टाकीला गरम पाण्याचे फडकेच बरे.

आता एक कोपरा नखाने उचला. नख पुरत नसेल तर प्लॅस्टिकचे जुने कार्ड घ्या. ब्लेड, सुरी, पेचकस घेऊ नका. कोपरा सुटला की तो सरळ वर ओढू नका. मागे दुमडून घ्या आणि टाकीला जवळजवळ लागून, हळूहळू मागे न्या. वर ओढले तर सगळा जोर खालच्या रंगावर येतो. मागे दुमडून नेले तर जोर डिंकावर राहतो. फाटू लागला तर थांबा, पुन्हा शेका, पुन्हा ओढा.

मात्र अति शेकू नका. डिंक फार पातळ झाला तर स्टिकर एकटाच निघतो आणि डिंक सगळा मागे राहतो.

कागदी लेबलाला आधी साबणाच्या पाण्यात भिजलेले फडके लावून ठेवा. कागद फुगला की बोटाने निघतो.

उठावाच्या अक्षरांना ओढून काढू नका. शेकून घ्या आणि मागून तंगूस घाला. दोन्ही हातांनी तो करवतीसारखा पुढेमागे न्या. डबल टेप मधोमध कापली जाते आणि अक्षर हातात येते.

आमच्या ओळखीच्या एका दूधवाल्या तरुणाने जुनी गाडी घेतली. टाकीवर आधीच्या मालकाच्या पोराचे नाव ठळक अक्षरांत होते. डेअरीवर सगळे त्याला त्याच नावाने हाका मारू लागले. एके दिवशी तो विळा घेऊन टाकीपाशी बसलेला आम्ही पाहिला.

आम्ही म्हटले, "अरे, विळा खाली ठेव आधी."

तो म्हणाला, "गुरुजी, लई चिकाटलंय. कवा एकदा हे नाव जातंय असं झालंय."

आम्ही विचारले, "दुधावरची साय काढतोस, तेव्हा पातेलं खरवडतोस का?"

"न्हाई जी. कडंनं सोडवायची अन् हलक्या हातानं उचलायची."

"मग ही पण सायच आहे. पाणी तापव."

त्याने पाणी तापवले. शेकून शेकून अर्ध्या तासात सगळी अक्षरे सोलून काढली. पण टाकीवर डिंकाचा चिकट थर राहिला. तो लगेच म्हणाला, "गॅरेजातनं थिनर आणतो. एका हातात साफ."

आम्ही म्हटले, "आण. पण पहिला थेंब टाकीवर दिसेल तिथे लावू नकोस. सीटखाली, टाकीच्या मागच्या टोकाला लाव."

त्याने फडक्यावर थेंब घेतला आणि सीटखाली घासला. फडके लालभडक झाले. टाकी कुणी तरी पुन्हा रंगवून विकली होती. घेताना त्याला हे ठाऊक नव्हते. तो थिनर समोर लावला असता, तर नावाबरोबर टाकीचा रंगही धुऊन गेला असता. सीटखाली मात्र नखाएवढाच डाग पडला.

मग त्याने गोडेतेलच लावले. तीन संध्याकाळी लागल्या. पण टाकी वाचली.

४. राहिलेला डिंक

स्टिकर निघाला तरी बहुधा थोडा डिंक राहतोच. त्याच्यावर धूळ बसून तो काळा पडतो. त्याला पायरीपायरीने काढावे. खालच्या पायरीने काम झाले तर वरची पायरी चढू नये.

पहिली पायरी : नुसता अंगठा. डिंक थोडा ऊबदार असताना अंगठ्याने चोळा. त्याच्या वळ्या होऊन निघतात. नाही तर चिकटपट्टीचा तुकडा त्यावर दाबा आणि उचला. डिंकाला डिंक धरतो. असे दहा-वीस वेळा करा.

दुसरी पायरी : तेल. गोडेतेल किंवा खोबरेल बोटाने लावा. पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्या. तेल डिंकात मुरते आणि त्याची पकड सुटते. मग मऊ सुती फडक्याने पुसा. तेल रंगाला त्रास देत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा लावता येते.

तिसरी पायरी : औषधांच्या दुकानात मिळणारे स्पिरिट. फडक्याच्या टोकावर थोडे घ्या, पुसा आणि लगेच कोरडे करा. पण आधी लपलेल्या जागी पाहा. फडक्याला रंग लागला, किंवा जागा चिकट वा धुरकट झाली, तर स्पिरिट बंद. पारदर्शक प्लॅस्टिकला ते लावूच नका.

चौथी पायरी : रॉकेल, म्हणजे घासलेट. घरात असेल तरच वापरा. ते फक्त पत्र्यावरच्या पक्क्या रंगाला, तेही लपलेल्या जागी पाहून, दोन-तीन मिनिटे लावा. मग साबणाच्या पाण्याने धुऊन टाका. प्लॅस्टिकला रॉकेल नको.

पाचवी पायरी नाही. थिनर, ॲसिटोन आणि पेट्रोल या कामाला घ्यायचेच नाही.

५. पेट्रोल का नको?

लोक म्हणतात, "पेट्रोलने डिंक झटकन जातो. गाडीतच असते, फुकट मिळते." डिंक जातो हे खरे. पण पुढचे ऐका.

पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली सुमारे ४० अंशांवरही पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही पेट्रोल सदा पेटायला तयारच असते. रॉकेलला तसे पेटायला साधारण ३५-४० अंशांच्या वर ऊब लागते. पण भर उन्हाळ्यात आपल्याकडे तेवढी ऊब असतेच. म्हणून रॉकेलही बेतानेच वापरावे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. अंगणात गाडी पुसता पुसता ती वाफ ओसरीवरच्या चुलीपर्यंत सरपटत जाऊ शकते. डोळ्यांना ती दिसत नाही. चुलीतून आग त्याच वाटेने परत तुमच्या हातातल्या फडक्यापर्यंत येते. हे एका क्षणात होते.

आणखी एक गोष्ट आयाबायांनी लक्षात ठेवावी. रॉकेल, थिनर, स्पिरिट कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान मूल ते पाणी समजून पिते. रॉकेल फुप्फुसात गेले तर जीव जाऊ शकतो. असे झालेच तर मुलाला ओकायला लावू नका. ओकताना ते फुप्फुसात जायची भीती असते. तडक दवाखाना गाठा.

वापरलेली फडकी चुलीत टाकू नका. उघड्यावर सावलीत वाळवा.

६. हे काढू नका

सगळेच स्टिकर काढायचे नसतात. टायरात हवा किती भरावी, हे सांगणारे लेबल साखळीच्या झाकणापाशी किंवा मागच्या बाजूला असते. ते कामाचे आहे. ते राहू द्या.

नंबर प्लेटची गोष्ट वेगळी आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना सरकारी पद्धतीची सुरक्षित नंबर प्लेट येते. तिच्यावर अशोकचक्राचे चकाकते चिन्ह असते आणि निळ्या अक्षरांत देशाची खूण असते. तिच्यावरचा पडदा रात्री उजेड परतवतो, म्हणून मागच्या गाडीला आपण दिसतो. हे चिन्ह म्हणजे स्टिकर समजून खरवडू नका. प्लेटला थिनर-रॉकेल लावू नका. ती साबणाच्या पाण्याने धुवा.

उलट, नंबर प्लेटवर कुणी नाव, चित्र किंवा 'दादा', 'भाऊ' असे लिहिले असेल, तर ते जरूर काढा. नंबर प्लेटवर असले लिहिणे कायद्याला मान्य नाही. दंड होतो.

७. नंतरची निगा

डिंक गेला की तेलकटपणा राहतो. सौम्य साबणाच्या पाण्याने गाडी धुवा आणि पुसा.

पुष्कळदा असे दिसते की स्टिकर होता तिथला रंग गडद आहे आणि भोवतालचा फिका. लोकांना वाटते डिंक राहिला, म्हणून ते घासत सुटतात. तो डिंक नसतो. भोवतालचा रंग उन्हाने विटलेला असतो आणि स्टिकरखालचा झाकून राहिलेला असतो. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाचा सदरा काढला, तर पाठ उजळ आणि हात काळे दिसतात. तसेच हे. चकचकीत रंग असेल तर पॉलिशने हा फरक कमी होतो. मॅट, म्हणजे बिनचकाकीचा रंग असेल, तर पॉलिश लावू नका. तिथे चकाकता डाग पडेल.

आपल्या दूधवाल्याच्या टाकीवरही त्या नावाची पुसट सावली राहिली आहे. तो म्हणतो, "राहू द्या गुरुजी. जवळ येऊन बघितल्याबिगर कुणाला दिसत न्हाई."

काम करताना कुठे रंगाचा टवका उडालाच, तर ती जागा कोरडी करून तिला लवकर रंग लावा. पावसाळ्याआधी लावाच. पत्र्याला पाणी आणि हवा मिळाली की गंज थांबत नाही.

या कामात डिंक आणि रंग यांचे भांडण जुने आहे. अमेरिकेत १९२५ च्या सुमारास मोटारी दोन रंगांत रंगवायची चाल आली होती. रंगारी कडेला चिकट कागद लावत. तो काढताना ताजा रंग उचलून येई. रिचर्ड ड्र्यू नावाच्या माणसाने हे पाहिले आणि धरेल पण रंग ओढणार नाही अशी चिकटपट्टी १९२५ साली तयार केली. तीच आजची मास्किंग टेप. रंगारी ती आजही वापरतात. त्याने जास्त जोराचा डिंक शोधला नाही. बेताचा डिंक शोधला. आपणही जास्त जोराचे औषध शोधू नये. बेताचे शोधावे.

एवढे ध्यानात ठेवा

१. नख फिरवून स्टिकर वर आहे की लॅकरखाली, ते आधी पाहा.
२. गाडी धुवा, इंजिन गार करा, आग दूर ठेवा.
३. गरम फडक्याने शेका. मागे दुमडून हळू ओढा.
४. अंगठा, तेल, स्पिरिट, रॉकेल. या क्रमाने जा आणि काम झाले की थांबा.
५. प्रत्येक औषध आधी लपलेल्या जागी लावून पाहा.
६. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, ब्लेड आणि काडी यांना हात लावू नका.

विचार करा आणि सांगा

१. स्टिकर सरळ वर का ओढू नये?
२. दूधवाल्याने थिनर आधी सीटखाली लावला. त्याचा काय फायदा झाला?
३. हेडलाइटच्या प्लॅस्टिकला थिनर लागला तर रात्री कोणता धोका होतो?
४. तुमच्या घरी रॉकेल किंवा स्पिरिट कोणत्या बाटलीत आहे? आज घरी गेल्यावर पाहा. बाटली पाण्याची असेल तर आजच बदला आणि नव्या डब्यावर आपल्या हाताने नाव लिहा. तुम्हाला आता लिहिता येते.